क्रूझला जाताना बॅग कशी भरायची? सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमच्या तीन क्रूझ झाल्यात. मुंबईहून एकदा गोवा, एकदा लक्षद्वीप आणि एकदा सिंगापूरहून. तेवढ्यावर मी नातेवाइकांत आणि भिशीच्या ग्रुपमध्ये एकदम तज्ज्ञ होऊन बसलेय, दिवाळी जवळ आली की फोन सुरू, अगं काय काय घेऊ, अगं साडी नेऊ का, अगं चिवडा नेऊ देतात का. दरवेळी तेच तेच सांगून घसा कोरडा पडतो म्हणून एकदाचं लिहूनच काढलं. यातलं बरंचसं मी चुका करून शिकलेय.

प्रश्न: सगळ्यात महत्त्वाचं काय? एकच गोष्ट सांगा.

हातातली पिशवी. बॅग नाही, पिशवी. सगळे मोठ्या बॅगेच्या मागे लागतात आणि खरा घोळ पहिल्या दिवशी होतो. कसं असतं, टर्मिनलवर गेलात की तुमच्या मोठ्या बॅगेला रूम नंबरचं लेबल लावतात आणि ती तिथेच घेतात. नंतर ती तपासणीतून जाऊन रूमच्या दाराशी येते, आणि कधी येईल ते सांगता येत नाही. शेकडो लोकांच्या बॅगा असतात हो, आमची एकदा संध्याकाळी सात वाजता आली. आणि तुम्ही बोटीवर चढलेले असता दुपारी बाराएकला. म्हणजे सहा-सात तास तुमच्याकडे फक्त हातात आहे तेवढंच.

माझी पहिल्या ट्रिपला काय फजिती झाली, मुलांचे पोहायचे कपडे बॅगेत, स्विमिंग पूल समोर, पोरं काठावर उभी आणि "आई आई" चालू. सासूबाईंची बीपीची दुपारची गोळी बॅगेत. माझा चष्मा बॅगेत. मी नुसती पर्स घेऊन ऐटीत चढले होते.

तर पिशवीत हे हवंच: ओळखपत्रं, तिकिटाचा प्रिंट, दोन दिवसांची औषधं, चष्मा, फोनचा चार्जर, पोहायचे कपडे, एक बदलायचा जोड, टोपी, उन्हाचं क्रीम, पाण्याची बाटली, एक पातळ शाल. पाठीवरची सॅक असेल तर उत्तम, कारण जिने बरेच चढावे लागतात, पहिल्या दिवशी लिफ्टला ही एवढी रांग असते.

प्रश्न: बॅग केवढी न्यायची?

लहान. रूम म्हणजे डोंबिवलीतल्या वनरूम किचनमधलं किचन समजा, त्यात दोन पलंग, एक टेबल, एक कपाट आणि बाथरूम. बाथरूममध्ये अंग वळवताना पडदा अंगाला चिकटतो. मोठी बॅग उघडायला जमिनीवर जागाच नसते, पलंगावर उघडून सगळे कपडे एकदाच कपाटात लावायचे आणि रिकामी बॅग पलंगाखाली सारायची. कडक कवचाची जाड बॅग पलंगाखाली जाईलच असं नाही, मऊ कापडी बॅग दबते तरी.

एक युक्ती कुणी सांगत नाही. रूमच्या भिंती आणि छत बहुतेक लोखंडी पत्र्याचे असतात. फ्रिजला लावतो तसे लोहचुंबकाचे हुक घेऊन जा, चार-सहा पुरे. टोपी, पर्स, ओले टॉवेल, रूमचं कार्ड, सगळं भिंतीला टांगता येतं. माझ्या नणंदेने आधी मला वेड्यात काढलं आणि दुसऱ्या दिवशी त्यातलेच दोन हुक मागून नेले.

प्रश्न: चार रात्रींना कपडे किती?

दिवसाला एक सुती जोड आणि दोन जास्तीचे, बस. समुद्रावरच्या हवेत दमटपणा इतका की डेकवर तासभर उभं राहिलं की सगळं अंगाला चिकटतं, त्यामुळे सिंथेटिक, जीन्स, जाड लेगिंग्ज घरी ठेवा. जीन्स ओली झाली की दोन दिवस वाळत नाही, आणि रूममध्ये कुबट वास. सुती कुर्ते, पलाझो, पुरुषांना लिनन किंवा कॉटनचे शर्ट आणि गुडघ्यापर्यंतच्या पँटी. आतले कपडे मात्र मोजू नका, घाम आणि पोहणं मिळून दिवसाला दोन-तीनदा बदलावे लागतात.

धुवायचं म्हणाल तर लाँड्री असते पण पैसे बघून जिवावर येतं. साबणाची वडी आणि पातळ नायलॉनची दोरी न्या, बऱ्याच बाथरूममध्ये ओढून काढायची दोरी असते पण तिच्यावर दोन रुमाल मावतात. कपडे वाळत घालायचे चिमटे विसरू नका. बाल्कनीची रूम असेल तर चिमट्याशिवाय काही वाळत घालू नका, वाऱ्याने गेलं की गेलं, ते अरबी समुद्राला अर्पण. तसंही बाल्कनीत कपडे टांगलेले बोटवाल्यांना आवडत नाहीत.

प्रश्न: साडी न्यायची का? आणि ते फॉर्मल नाईट काय असतं?

न्या की, एक. रात्रीच्या जेवणाला किंवा शोला लोक छान तयार होऊन येतात, कुठल्या रात्री पांढरे कपडे, कुठल्या रात्री बॉलिवूड असलं काहीतरी ठरलेलं असतं, ते बुकिंगच्या वेळी विचारून घ्या म्हणजे नवीन खरेदीचा खर्च वाचतो. सक्ती नसते. पण मोठ्या डायनिंग हॉलमध्ये रात्री बर्म्युडा आणि स्लिपर घालून गेलात तर दारातच थांबवू शकतात, म्हणून पुरुषांना एक फुलपँट, एक कॉलरचा शर्ट आणि एक बूट हवाच.

साडीचं म्हणाल तर नऊवारी नेऊन डेकवर फोटो काढायची हौस असते (आमच्या ग्रुपमधल्या दोघींनी काढलेसुद्धा, मस्त आले), पण बोट चालू असताना वरच्या डेकवरचा वारा म्हणजे गंमत नाही. पदर छत्रीसारखा उलटा होतो. सेफ्टी पिनांचं अख्खं पान न्या. शिफॉन, जॉर्जेट तर नकोच, वजनाची सुती किंवा सिल्क कॉटन बरी. इस्त्रीचा प्रश्न येतो म्हणून गुंडाळी करून नेली तर घडीच्या सुरकुत्या कमी पडतात.

प्रश्न: पोहायला टी-शर्ट आणि हाफ पँट चालेल ना?

कॉटनचं नाही चालत बऱ्याच ठिकाणी, पूलवाला उठवतो. नायलॉन किंवा लायक्राचेच लागतात. अंगभर कपडे हवे असतील तर पूर्ण बाह्यांचा आणि पायापर्यंतचा पोहण्याचा सूट मिळतो, दादरला, ठाण्यात कुठेही खेळाच्या दुकानात. मी तोच वापरते, एक तर संकोच नाही आणि दुसरं म्हणजे पाठ जळत नाही. दोन जोड न्या. ओला कॉश्च्युम सकाळी परत घालणं याइतकं घाणेरडं काही नसतं. टॉवेल बोटीवर मिळतात, पूलचे वेगळे आणि रूमचे वेगळे, घरून फक्त एक पंचा न्या.

प्रश्न: एवढ्या गरमीत शाल कशाला?

बाहेर ३२ डिग्री आणि आत थिएटरमध्ये एसी असा की दात वाजतात. जेवणाच्या हॉलमध्ये पण तेच. माझी पातळ शाल तीन ट्रिपांत एकदाही बॅगेत राहिली नाही. म्हाताऱ्या माणसांना कानाला रुमाल आणि पायमोजे हवेतच.

प्रश्न: आम्हाला एसटीत घाट लागतो, बोट लागेल का? काय न्यायचं?

लागू शकते. आधी एक बरं वाटेल असं सांगते, मोठी बोट एसटीसारखी गचके देत नाही, ती हळू डुलते, आणि ऑक्टोबर ते मेमध्ये समुद्र बराच शांत असतो म्हणून तर मुंबईहून जाणाऱ्या क्रूझचा सीझनच तेव्हा असतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडचा समुद्र खवळलेला.

पण ज्याला लागते त्याला लागते. ॲव्होमिन ही बोट लागण्यावरची गोळी बहुतेकांना माहीत आहे, ती मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, आधी घ्यावी लागते, बोट सुटायच्या आदल्या रात्री किंवा तास-दोन तास आधी. तिने झोप येते, आणि दारूबरोबर अजिबात घ्यायची नाही. ग्लॉकोमा, प्रोस्टेट, गरोदरपण, लहान मूल असं काही असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका. सोबत आलेपाक, आवळा सुपारी, लिंबू. माझा अनुभव, आलेपाकाचा उपयोग खरोखर होतो. रिकाम्या पोटी राहू नका, कोरडी बिस्किटं खा.

आणि बॅगेच्या बाहेरची गोष्ट पण सांगून टाकते, बुकिंग करतानाच खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्यावरची रूम मागा. तिथे डुलणं सगळ्यात कमी, टोकाला आणि वर सगळ्यात जास्त. कसंतरी व्हायला लागलं तर रूममध्ये पडून मोबाइल बघत बसू नका, बाहेर या आणि लांब जिथे आकाश आणि पाणी मिळतं तिथे नजर लावा. घोळ असा असतो की कान सांगतो हलतंय आणि डोळा सांगतो रूम स्थिर आहे, त्या दोघांच्या भांडणात पोट ढवळतं.

प्रश्न: बाकी औषधं?

रोजची औषधं लागतात त्यापेक्षा दोन दिवस जास्तीची, मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. डब्यात सुट्ट्या गोळ्या नेऊ नका, विशेषतः परदेशी बंदर असेल तर. इन्सुलिन असेल तर रूममध्ये फ्रिज आहे का ते आधी विचारा, नाही तर बोटीच्या दवाखान्यात ठेवतात. बोटीवर डॉक्टर असतो पण फी ऐकून ताप उतरतो.

ओआरएसची पाकिटं, क्रोसिन, ॲसिडिटीची गोळी (दिवसातून पाच वेळा जेवण लावलेलं असतं, कोण थांबतंय), पट्ट्या, भाजल्यावर लावायचं मलम, कोरफडीचं जेल. सॅनिटायझर न्या पण त्याच्यावर विसंबू नका, बोटींवर उलट्या-जुलाबाची जी साथ येते त्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर नीट चालत नाही, जेवायच्या आधी साबणानेच हात धुवा.

प्रश्न: उन्हाचं कुठलं क्रीम? आपली कातडी तशीही काळवंडलेलीच.

असं म्हणणारे आमचे भाऊजी दुसऱ्या दिवशी पालथे झोपले होते. समुद्रावर ऊन वरून लागतं आणि पाण्यावर आपटून खालूनही लागतं, वारा असल्यामुळे चटका कळत नाही. एसपीएफ ३० वाली ट्यूब कातडी जाळणारी यूव्हीबी किरणं साधारण ९७ टक्के अडवते आणि ५० वाली ९८, म्हणजे १०० वाली महागडी घ्यायची काही गरज नाही, गरज आहे ती दर दोन तासांनी परत लावायची. लोक सकाळी एकदा बोटभर लावतात आणि म्हणतात क्रीम फालतू आहे. कान, मानेची मागची बाजू, पायाचा वरचा भाग आणि टक्कल, इथे सगळे विसरतात.

लक्षद्वीपला जाणार असाल तर पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही दोन नावं असतील तर ते नेऊ नका, प्रवाळाला घातक ठरतं म्हणून हवाईमध्ये २०२१ पासून अशा क्रीमच्या विक्रीवर बंदी आहे. झिंक ऑक्साइडवालं घ्या. तोंड भुतासारखं पांढरं दिसतं थोडं, दिसू दे. त्यापेक्षा सोपं म्हणजे अंगभर कपडे घालूनच पाण्यात उतरा.

टोपीला हनुवटीखाली बांधायची दोरी हवी. बिनदोरीच्या टोप्या समुद्रात जाताना मी मोजल्यात, एका दुपारी तीन.

प्रश्न: घरचा खाऊ नेऊ देतात का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर ऐकून सगळ्यात जास्त तोंडं पडतात. घरी केलेलं बहुतेक बोटींवर नेऊ देत नाहीत. लाडू, चकल्या, थालीपीठ, लोणच्याची बरणी, काढून ठेवायला लागतं. बाळाचं खाणं आणि डॉक्टरने सांगितलेलं खाणं चालतं. कंपनीबंद सीलवाली बिस्किटं, खाकरे कधी चालतात कधी नाही, कंपनीचा नियम वाचा. पण खरं सांगू का, लागत नाही. मुंबईहून सुटणाऱ्या बोटीवर शाकाहारी, जैन सगळं मिळतं. उपवास असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा.

चहाचं मात्र दुःख आहे. तो मशिनचा आणि डिप-डिपचा चहा. किटली नेऊन रूममध्ये करीन म्हणाल तर किटली न्यायला बंदी. सुंठ, वेलची पूड डबीत भरून नेलीत तर त्यातल्या त्यात प्यायच्या लायकीचा होतो, डबी चालेल का हे मात्र आधी विचारा.

प्रश्न: कुठल्या गोष्टी काढून घेतात?

इस्त्री, किटली, पाणी तापवायचा रॉड, मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन, माचिस, चाकू, मोठी कात्री, बाहेरची दारू, ड्रोन. समुद्रात लागलेली आग म्हणजे पळायला जागा नाही, म्हणून तापणारं आणि पेटणारं सगळं बंद. रोज सकाळी दिवा लावायचा नेम असेल त्यांनी बॅटरीवरचा दिवा न्या, देवाला चालतो.

आमची आत्या आपला पितळी अडकित्ता घेऊन आली होती. लग्नातला, मोराच्या आकाराचा. तपासणीच्या मशिनमध्ये तो दिसला आणि तो बिचारा सिक्युरिटीवाला पोरगा, कुठला तरी उत्तरेकडचा असावा, उलटसुलट करून बघतोय की हे नक्की हत्यार कसलं. आत्या त्याला मराठीत समजावतेय, "अरे बाळा, सुपारीसाठी आहे." शेवटी पावती देऊन ठेवून घेतला, उतरताना परत दिला. चार दिवस आत्याने कातरलेल्या सुपारीच्या पुडीवर काढले. तेव्हा सुपारी घरून कातरूनच न्या.

प्रश्न: चार्जर, प्लग वगैरे?

बोटीवरचे सॉकेट आपल्यासारखे तीन गोल भोकांचे असतीलच असं नाही, कितीतरी बोटींवर अमेरिकन चपट्या पिनांचे ११० व्होल्टचे आणि युरोपियन दोन गोल पिनांचे २२० व्होल्टचे असतात. एक युनिव्हर्सल ॲडाप्टर घ्या. फोनच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं त्यामुळे तो कुठेही चालतो, पण आपला हेअर ड्रायर चालेलच असं नाही, आणि एक ड्रायर बहुधा रूममध्ये असतोच. भरपूर तोंडांचा एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका, काढून घेतात. त्यापेक्षा चार तोंडांचा यूएसबी चार्जर बरा. पॉवर बँक न्या, पण विमानाने सिंगापूरला जाऊन बोट पकडणार असाल तर ती हातातल्या पिशवीतच ठेवा, मोठ्या बॅगेत चालत नाही.

आणि बोट सुटली की फोन एअरप्लेन मोडवर टाका. किनारा लांब गेला की फोन बोटीवरचं सॅटेलाइटवालं नेटवर्क आपोआप पकडू शकतो आणि बिल बघून डोळे पांढरे होतात. गाणी, सिनेमे, तिकिटं सगळं घरूनच उतरवून घ्या.

प्रश्न: पायात काय?

तीन जोड. एक पट्ट्याची सँडल जी ओली झाली तरी चालेल, एक रात्रीसाठी, एक रूममधली स्लिपर. उंच टाचा नकोच, बोट हलते. लक्षद्वीपला प्रवाळाचे तुकडे तळपायात घुसतात त्यामुळे पाण्यातले रबरी बूट घ्याच, स्वस्तात मिळतात.

प्रश्न: लक्षद्वीपसाठी वेगळं काही?

हो, बरंच. तिथे जायला भारतीयांनाही प्रवेश परमिट लागतं, क्रूझवाले काढून देतात पण कागद त्यांनी मागितले की वेळेत द्या. बोट बेटाला लागत नाही, भोवती प्रवाळाची रांग आणि आत उथळ पाणी (त्याला लगून म्हणतात), म्हणून मोठी बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहते आणि छोट्या होड्यांतून नेतात. माझी आई लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने मालवणला जायची, तिच्या गोष्टी मी ऐकल्यात, बोट बाहेर उभी राहणार आणि पडावातून लोकांना, ट्रंकांना, वळकट्यांना किनाऱ्यावर नेणार. मी अगात्ती बेटाला त्या होडीत उतरले तेव्हा तेच आठवलं. फरक इतकाच की तिच्या हातात ट्रंक होती आणि माझ्या हातात सेल्फी स्टिक.

तर दोन्ही हात मोकळे राहतील अशी सॅक हवी, आणि फोनला पाणी न जाणारी गळ्यात अडकवायची पिशवी, कारण होडीत तुषार उडतात. बेटावर वस्ती मुस्लिम आहे, साधी माणसं आहेत, बीचवर ठीक पण गावातून फिरताना अंगभर कपडे घाला. दारू बहुतेक सगळ्या बेटांवर बंद, सॅकमध्ये लपवून नेऊ नका. सुटे पैसे न्या, दहा-वीस-पन्नासच्या नोटा, नारळपाणीवाल्याकडे नेटवर्क नसतं. आणि परत येताना सॅकमध्ये प्रवाळाचा तुकडा नको, वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

चष्मा असणाऱ्यांनी स्नॉर्केलिंगचा (तोंड पाण्यात घालून खालचे मासे-प्रवाळ बघायचा) नंबरचा मास्क मिळतोय का बघा. मी पहिल्यांदा बिननंबरचा घातला, सगळे ओरडतायत "कासव कासव" आणि मला नुसता हिरवा धब्बा.

प्रश्न: गोव्याला उतरून देवदर्शन जमेल का?

बोट मुरगाव बंदराला लागते, वास्कोजवळ. आपल्यातल्या कितीतरी जणांचं कुलदैवत गोव्यात, मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा, तेव्हा हा प्रश्न बरोबरच आहे. गाडी करून फोंड्याकडे जाऊन येता येतं, पण बोट सुटायच्या वेळेच्या निदान दोन तास आधी परत या, ती तुमच्यासाठी थांबत नाही. देवळात हाफ पँट, बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत, त्यासाठी एक सुती पंजाबी ड्रेस आणि पुरुषांना एक लेंगा-कुर्ता बॅगेत वेगळा ठेवा. ओटीचं सामान तिथेच मिळतं. काजू, कोकम घ्यायला एक घडीची रिकामी पिशवी. फेणीची बाटली बोटीवर चढताना जमा करावी लागते.

प्रश्न: कागदपत्रं कुठली? आणि मुंबईत बोट कुठून सुटते?

देशातल्या देशात जाणार असाल तर आधार किंवा पासपोर्ट, मूळ कागद, मुलांचेसुद्धा. श्रीलंका, सिंगापूर असेल तर पासपोर्ट निदान सहा महिने चालणारा. सिंगापूरहून निघणारी बोट परत सिंगापूरलाच येते, म्हणजे तुमची तिथे दुसऱ्यांदा एंट्री होते, व्हिसा त्या हिशोबाचा हवा. सगळ्याच्या झेरॉक्स वेगळ्या ठेवा आणि फोनमध्ये फोटो.

मुंबईत बॅलार्ड पिअर, फोर्टमध्ये, सीएसएमटीहून टॅक्सीने थोडक्या वेळात. तिथल्या नवीन क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २०२५ मध्ये झालं. भाऊचा धक्का नव्हे. तिथून रेवस-उरणच्या लाँचा आणि मांडव्याची रो-रो (गाड्यांसकट नेणारी बोट) सुटते. आमच्या ग्रुपमधलं एक कुटुंब चार बॅगा घेऊन मासळीच्या वासात उभं होतं आणि आम्ही इकडून फोन करतोय, कुठे आहात, कुठे आहात.

प्रश्न: लहान मुलं आणि गरोदर बायका?

बऱ्याच बोटी सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेत नाहीत, आणि २४ आठवड्यांच्या पुढे गरोदर असाल तर चढू देत नाहीत, हे बुकिंगच्या आधी बघा. डायपर घरून न्या, बोटीवरच्या दुकानात मिळाले तर मिळाले. डायपर घालून पूलमध्ये सोडत नाहीत, पोहण्याचा डायपर असला तरी. फुगवायचे फ्लोटर मुंबईतच घ्या. मुलांच्या खिशात रूम नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, सगळे मजले सारखे दिसतात, मोठी माणसं पण चुकतात.

प्रश्न: लाइफ जॅकेट न्यायचं का?

नाही हो. सगळ्यांपुरती बोटीवरच असतात. चढल्यावर एक कवायत घेतात, सात छोटे भोंगे आणि एक लांब, ते ऐकू आलं की कुठे जमायचं ते दाखवतात. फोटो काढत बसू नका, ऐका.

प्रश्न: दागिने, पैसे?

मंगळसूत्र आणि कानातलं, पुरे. खोटे दागिने न्या हौसेला. बोटीवर रूमच्या कार्डावरच सगळं चालतं, त्यामुळे हिशोबाचं भान सुटतं, रोज रात्री रिसेप्शनला जाऊन बिल बघा. शेवटच्या दिवशी रांग असते आणि वाद घालायला वेळ नसतो.

प्रश्न: विचारायला लाज वाटते, पण टॉयलेटमध्ये पाण्याची सोय?

लाज कसली, सगळे हेच विचारतात, फक्त शेवटी विचारतात. परदेशी बोटींवर बहुधा फक्त कागद. एक घडी होणारा सिलिकॉनचा मग न्या किंवा हातात धरायची स्प्रेची बाटली, ऑनलाइन मिळते. आणि ते टॉयलेट हवेच्या ओढीने चालतं, विमानासारखं, त्यात दुसरं काहीही टाकलं की फक्त तुमचंच नाही तर शेजारच्या रूम्सचं पण बंद पडू शकतं.

प्रश्न: शेवटच्या रात्री बॅग बाहेर ठेवायची म्हणतात, ते काय?

उतरायच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात, ते गोळा करून खाली नेतात, सकाळी टर्मिनलवर तुम्ही शोधून घ्यायच्या. म्हणजे परत तेच, रात्रीपासून सकाळपर्यंत तुमच्याकडे फक्त हातातली पिशवी. सकाळचे कपडे, ब्रश, गोळ्या, चपला, सगळं त्यात काढून ठेवल्याशिवाय बॅगेची चेन लावू नका.

मी सिंगापूरच्या ट्रिपला मोठ्या टापटिपीने रात्री दहालाच सगळं भरून बॅगा बाहेर लावल्या, रूम लख्ख, मनात म्हटलं बघा किती नीटनेटकं. सकाळी हे आंघोळ करून बाहेर आले आणि म्हणाले, पँट कुठे आहे. पँट खाली गेली होती. चपला पण. राहिला होता रात्रीचा चट्ट्यापट्ट्यांचा बर्म्युडा, आणि पलंगाखाली सरकल्यामुळे वाचलेले फॉर्मल नाईटचे काळे चकचकीत बूट. तसेच उतरले, इमिग्रेशनच्या रांगेत पाऊण तास उभे, आणि माझ्याकडे बघायचं नाही असं ठरवलेलं. मागून सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "निदान मोजे तरी द्यायचे होतेस गं."